येथे हिरड्यांची तपासणी होते

भोयर डॉक्टर भेटले की नमस्कार करत नसत. समोरचा माणूस सात-आठ पावलांवर आला की ते मान जराशी पुढे काढत, डोळे बारीक करत आणि एकच शब्द विचारत, "रक्त?"

नवख्या माणसाची या प्रश्नाने पाचावर धारण बसे. मारेगावात बदलून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन विहिरीकडे निघालो होतो. एक उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या कोटातला गृहस्थ वाटेत आडवा आला आणि म्हणाला, "रक्त?" मी आधी स्वतःच्या धोतराकडे पाहिलं, मग बादलीत पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. रक्त कुठेच नव्हतं.

"नाही बुवा," मी म्हणालो.

"थुंकून पाह्यलं का?" त्यांनी विचारलं. "सकाळी दात घासून थुंकता, तवा पाहत जा. लोकं थुंकतात अन् तिकडं तोंड फिरवतात. लय मोठी चूक हाय ही, मास्तर."

मी मास्तर आहे हे त्यांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. माझं नाव मात्र त्यांनी पुढे चार महिने विचारलं नाही. वरच्या उजव्या बाजूच्या दुसऱ्या दाढेपाशी माझी हिरडी सुजलेली आहे, एवढी ओळख त्यांना पुरेशी होती.

ही गोष्ट आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो तेव्हाची. मी मिडल स्कूलमध्ये मराठी शिकवायला आलो होतो आणि मला मिळालेलं बिऱ्हाड डॉक्टरांच्या दवाखान्याला लागूनच होतं. ओसरी दोघांत एक. डॉक्टर अगदी रीतसर, मुंबईला जाऊन दातांचं शिकून आलेले. नंतर नागपुरात एका बड्या दंतवैद्याच्या हाताखाली नोकरीला होते. त्या बड्या माणसाने एका बाईचे सगळेच्या सगळे दात आठवड्याभरात काढून तिला कवळी बसवली. भोयर डॉक्टरांचं म्हणणं, त्यातले निम्म्याहून जास्त दात वाचले असते. त्यावरून दोघांची अशी जुंपली की डॉक्टर त्याच संध्याकाळी आपली हत्यारं कापडात गुंडाळून आपल्या मुलखात परत आले.

इकडे गावाची समजूत वेगळीच. दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा. हा उपटत नाही, तर मग हा करतो काय? आणि उपटण्याची सोय गावात आधीच होती. आठवडी बाजारात दौलत नावाचा माणूस जमिनीवर फडकं पसरून बसे. फडक्यावर त्याने आजवर उपटलेल्या दातांचा ढीग. ढीग पाहूनच माणसाला त्याच्या अनुभवाचा भरवसा यायचा. डॉक्टरांनी यावर तोड काढली. दवाखान्याच्या खिडकीत एक भलीमोठी काचेची बरणी ठेवली आणि तिला चिठ्ठी डकवली, 'आजवर काढलेले दात'. बरणी रिकामी. डॉक्टरांना वाटलं, लोक पाहतील आणि थक्क होतील. लोकांनी पाहिलं आणि सरळ अर्थ घेतला की या डॉक्टरकडे कोणी जात नाही.

एखादा दात अगदीच गेलेला असला तरी डॉक्टर स्वतः त्याला हात लावत नसत. रोग्याला घेऊन बाजारात दौलतकडे जात. सोबत स्वतःचा चिमटा उकळून नेत, दौलतला साबणाने हात धुवायला लावत आणि तो उपटत असताना पाठ करून उभे राहत. "त्याचं काम तो करन," म्हणत. "माहं काम त्याच्या आधी सरते." बिचारा दौलत त्यांना टरकून असे, पण तो दात मात्र हटकून ढिगावर सगळ्यात वर मांडी.

मारेगावात तेव्हा वीज नव्हती. डॉक्टरांना दुसऱ्याच्या तोंडात पाहायचं तर सूर्य हवा. म्हणून गावच्या सुताराकडून करून घेतलेली डोकं टेकायची खुर्ची दिवसभर उन्हामागे फिरे. सकाळी ती ओसरीच्या पूर्वेच्या टोकाला, दुपारी मागच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीबाहेर आणि चार वाजता नेमकी आमच्या दारासमोर. खुर्ची उचलायला एका बाजूने डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूने रोगी. माझी पत्नी सुशीला वर्ध्याहून पहिल्यांदा आली ती नेमकी चार वाजता. दारात एक अनोळखी गृहस्थ आकाशाकडे तोंड वासून बसलेला पाहून ती ट्रंकेसकट दोन पावलं मागे सरली.

डॉक्टरांपाशी एक बारीक सळई होती. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती ते दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच सरकवत. चांगली हिरडी सळईला दोन-तीन खुणांवर अडवते. रोगट हिरडी दाताला सोडून ढिली झालेली असते, तिथे सळई पाच-सहा खुणा आत जाते. त्या पोकळीला डॉक्टर 'खिसा' म्हणत. "थांबा, खिसा पाहू द्या," असं ते म्हणाले की शेतकऱ्याचा हात आपोआप बंडीच्या खिशावर जाई. मग एका कागदावर बत्तीस दातांचा नकाशा, पटवाऱ्याच्या नकाशासारखा रेखीव, आणि त्यावर लाल पेन्सिलीने कुठे रक्त, कुठे पू, कोणता दात किती हलतो, त्याच्या खुणा. एकदा नकाशा झाला की तो माणूस त्यांच्या लेखी नकाशाच होऊन बसे. "काल तो खालच्या डाव्या बाजूचा पाच मिलिमीटर भेटलता," ते सांगत, "पोरीचं लग्न जमलं म्हणे त्याच्या."

गावातले एक वृद्ध वकील वारले तेव्हा मी त्यांच्याबरोबर भेटायला गेलो होतो. घरात रडारड चाललेली. डॉक्टर थोरल्या मुलाजवळ बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एकही दात हलत नव्हता हो तुमच्या बाबाचा!" मुलाने हंबरडा फोडला. मला वाटतं, त्या दिवशी त्या घरात बोललं गेलेलं सगळ्यात मनापासूनचं वाक्य तेच असावं.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. यवतमाळची एक मुलगी पाहायला गेले होते म्हणतात. मुलीला नाव विचारायचं, शिक्षण विचारायचं, तर हे पोह्यांची बशी घेता घेता म्हणाले, "रक्त?" मुलगी आत पळाली ती पुन्हा बाहेर आली नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "येत असन तिले. नाईतर पळाली काहून?" मग तोंडावर हात धरून हसत. हसताना तोंडावर हात धरायची त्यांची सवय होती. मला ती तेव्हा नुसती सवयच वाटली.

उपचार तसा साधा, पण चिवट. दाताच्या मुळाशी साठलेलं दगडासारखं किटण वाकड्या हत्यारांनी कणाकणाने खरवडून काढायचं. मिसरी बंद, तंबाखू बंद. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि रोज बोटाने हिरडी चोळायची. "बैलाचं अंग चोळता न? तसं. प्रेमानं." आणि सगळ्यात कठीण भाग म्हणजे दर तीन महिन्यांनी परत यायचं. दुखत असताना यायला माणूस तयार असतो. दुखत नसताना कोण येतं? डॉक्टर मग नकाशे काखोटीला मारून सायकलवर त्यांच्या गावांना जात आणि त्यांना वावरातून हाका मारून बोलवत.

पाटीचं प्रकरण मात्र सर्वस्वी माझं पाप आहे. दवाखान्यावरची मूळ पाटी इंग्रजीत होती. गावात ती वाचू शकणारी माणसं पाच आणि त्यातल्या तिघांना दात नव्हते. "मास्तर, मराठीत लिहून द्या," डॉक्टर म्हणाले. मी आनंदाने लिहून दिलं, 'पायरियावर खात्रीचा इलाज'. हिरड्यांतून पू येतो त्या रोगाला शहरात पायरिया म्हणत. पुढच्या बाजाराच्या दिवशी ओसरीवर ही रांग! डॉक्टर हरखून बाहेर आले. कोणाच्या टाचेला भेगा, कोणाच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, एका म्हातारीचा घोटा सुजून टम्म. पायरिया म्हणजे पायाचंच काहीतरी असणार, हा तर्क मराठीचा मास्तर म्हणून मला खोडून काढता येईना. डॉक्टरांनी मुकाट्याने दातांच्या चिमट्याने काटे काढले, भेगांना मलम लावलं आणि मग प्रत्येकाला म्हटलं, "आता तोंड दाखवा."

"पाय दुखून राह्यला माहा," म्हातारी कावली. "तोंड कायले पाह्यतं रे बाबू?"

मी ती पाटी पुसून शुद्ध मराठीत दुसरी लिहिली, 'येथे हिरड्यांची तपासणी होते'. यात कोणाचा घोटाळा होणं शक्यच नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

त्याच्या पुढच्या बाजाराला झरी-जामणीकडच्या जंगलातून सोनबा टेकाम नावाचा कोलाम आदिवासी पहाटेचा निघून चालत आला. तिकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, तिथला हा. त्याने डोक्यावरचं पोतं ओसरीवर उतरवलं, घाम पुसला आणि म्हणाला, "तपासा जी. एक बी किडका नाई."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. असं बोलत येणारा रोगी त्यांना जन्मात भेटला नव्हता. "वा! अन् रक्त?"

"रक्त कायचं जी?" सोनबा चकित झाला. "झाडाचे हायत."

त्याने पोत्याचं तोंड सोडलं. आत हिरडे होते. औषधाचे, जंगलातले, सुकवलेले टणक हिरडे. बाजारातल्या चहावाल्याने त्याला पाटी वाचून दाखवली होती, मारेगावात आता हिरड्यांची तपासणी होते म्हणून. व्यापारी माल वाईट म्हणून नाकारतात, तर इथून तपासून न्यावा, असा त्याचा अगदी व्यवहारी हिशेब होता. मी दारातून हे ऐकत होतो. तोंडातली ती हिरडी, तिचं अनेकवचन हिरड्या. झाडाचा तो हिरडा, त्याचं अनेकवचन हिरडे. पण पुढे प्रत्यय आला की दोघांचंही सामान्यरूप एकच, 'हिरड्यां'. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो आणि नेमकं पाटी लिहिताना विसरलो होतो. मी पुढे होऊन सोनबाला ही सगळी भानगड समजावून सांगितली. त्याने ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मंग दोन्ही पाहा," तो म्हणाला. "आता चालत आलोच हाय तर."

डॉक्टरांनी दोन्ही पाहिलं. आधी हिरडे एकेक करून, वास घेऊन, फोडून, चाखून. मग सोनबाला खुर्चीत बसवलं. खालच्या दाढांच्या मागे किटण होतं आणि रक्त येत होतं. पुढचे तीन बाजार तो येत राहिला आणि चौथ्या बाजाराला हिरडी गुलाबी झाली. त्याच्या हिरड्यांचा काढा डॉक्टरांनी गुळण्यांसाठी वापरायला घेतला, कारण हिरडा तुरट आणि तो हिरडी आवळून धरतो. पोडावर बातमी गेली. माल तपासून घ्यायला माणसं येऊ लागली आणि डॉक्टरांचा नियम असा की आधी तोंड, मग टोपली. मी पाटी बदलतो म्हणालो तर डॉक्टरांनी साफ नकार दिला. कोणत्या का हिरड्यांसाठी, लोक येत होते.

ते माझ्या व्याकरणावर खूश होते. एकदा मी त्यांना सांगितलं की त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य म्हणतात, जीभ दाताला लागल्याशिवाय ते उच्चारता येत नाहीत. ते जागेवरून उठलेच. "काय सांगता! म्हणजे तुमची मराठी माह्या हिरडीवर उभी हाय." पुढे आठ दिवस रोग्यांना ते "तुमचा त हलून राह्यला," असं सांगत होते.

असे हे डॉक्टर जेवायला मात्र कधी येत नसत. बोलावलं की एकादशी. सुशीलेने मोजलं, त्या महिन्यात त्यांच्या पाच एकादश्या झाल्या होत्या. शेवटी पौषात तिने अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे टणक रोडगे भाजले आणि त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. डॉक्टरांनी रोडगा कुस्करला, वरणात बुडवला आणि बोलत बसले. अर्धा तास हिरडीवर बोलले. रोडग्याचा पार लगदा झाला तेव्हा तो खाल्ला.

"अहो, ते चावत नाहीत," रात्री सुशीला म्हणाली. "नुसते गिळतात. त्यांचे दात दुखतात."

"वेडी आहेस का? दातांचे डॉक्टर आहेत ते."

"मग डॉक्टरांना दात नसतात का?"

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगणाचं दार लावून घेतलं, खुर्ची उन्हात सरकवली आणि तीत स्वतः बसले. त्यांना त्या खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी खालचा ओठ बोटाने खाली ओढला. समोरचे चार दात मुळापर्यंत उघडे पडले होते. जिभेने ढकलले की ते पेटीच्या पट्ट्यांसारखे हलत होते.

"दोन वर्षं झाले," ते म्हणाले. "मागून किटण साचलं. तिथं माहा हात पोचत नाई. आरशात पाहून करतो म्हटलं तर सारं उलटं दिसते. एकदा जीभ कापली. नागपूरला गेलतो. तिथल्या डॉक्टरनं वरवर पाह्यलं अन् म्हणे, सारे काढून टाकू, कवळी बसवू."

"मग आता?"

"सहा महिने राहतीन. मंग आपोआप जातीन." त्यांनी बोटाने एक दात हलवून पाहिला. "अन् पुढचे चार दात नसलेला माणूस लोकाले कसा सांगन, मास्तर, का हिरडी सांभाळा? कोण आयकन? सोनबा तरी आयकन का? दौलत तर म्हणन, एक मले द्या, ढिगावर मांडतो."

हसायला म्हणून त्यांनी हात तोंडाकडे नेला आणि तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माझ्या हातून काहीतरी अविचार होतो, तसा तेव्हाही झाला. मी म्हणालो, "मला शिकवा. मी खरवडतो."

त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "खडूचे बोटं हायत," ते म्हणाले. "पण थरथरत नाईत."

शिक्षण बंबापासून सुरू झालं. आमच्याकडचं पाणी जड. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात आतून चुन्याचा थर बसतो. तो वाकड्या हत्याराने असा काढायचा की तांब्यावर ओरखडा उठता कामा नये. पंधरा दिवस मी शाळेतून येऊन बंबात डोकं घालून बसत असे. सुशीला एवढी खूश झाली की तिने शेजारणीचाही बंब आणून ठेवला. डॉक्टर भिंग घेऊन तांब्याची तपासणी करत आणि मला शंभरपैकी गुण देत. चाळीसच्या वर ते कधी गेले नाहीत, पण एका रविवारी म्हणाले, "चला. आता माहा बंब."

तो दिवस मी विसरणार नाही. हत्यार त्यांच्या दातामागे आणि सूचना त्यांच्याच तोंडातून. उघड्या तोंडातून फक्त स्वर येत होते. "आ ई आऊ, ऊ ऊ आ!" सगळी व्यंजनं गळालेली मराठी. मी बापडा अंदाजाने कधी डावीकडे सरकायचो, कधी खाली. एकदा ते जोरात "ओ ओ" म्हणाले. मी समजलो 'जोर', ते म्हणत होते 'सोड'. भळभळ रक्त आलं. मी हत्यार मागे घेतलं. डॉक्टर चूळ भरून शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या, घाण रक्त हाय. निघू द्या." तासाभराने तांदळाच्या कणीएवढा किटणाचा एक तुकडा सुटून त्यांच्या जिभेवर पडला. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

दर रविवारी थोडं थोडं. मग सोनबाच्या हिरड्यांच्या गुळण्या. दोन महिन्यांनी मी सळई घातली. डॉक्टर तोंड उघडून, आभाळाकडे डोळे लावून, माझ्या वर्गातला पोरगा निकालाच्या दिवशी बसतो तसे बसले होते. "पाच," मी म्हणालो. आधी सात होते. उन्हाळ्यात चार झाले. दात अजून हलत होते, पण पडायचं नाव घेत नव्हते. पुढच्या पौषात डॉक्टरांनी आमच्याकडे रोडगा खाल्ला. वरणात घातला खरा, पण पाच मिनिटांत बाहेर काढला. सुशीला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

महाराष्ट्र झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझी उमरखेडला बदली झाली. जिल्हा तोच, पण हे त्या टोकाला तर ते या टोकाला. निरोप घेताना डॉक्टरांनी माझ्या हातात माझ्या तोंडाचा नकाशा दिला आणि सुशीलेच्या हातात तिच्या. "आणि तुमचं काय?" मी विचारलं. "तीन महिन्यांनी कोण खरवडणार?"

"पाहू," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून उन्हाकडे निघाले. दुसऱ्या बाजूला धरायला रोगी नव्हता म्हणून मीच धरली.

त्या काळजीने मला उमरखेडला सुचेनासं झालं. तेवढ्यात कळलं की यवतमाळात दातांचे एक नवे तरुण डॉक्टर आलेत. विजेचं यंत्र आहे, मोठा दिवा आहे आणि ते हिरडीवरही उपचार करतात, उगीच दात काढत नाहीत. मी लगोलग डॉक्टरांना पत्र टाकलं, ताबडतोब जा, टाळाटाळ करू नका. उत्तराचं कार्ड आलं. त्यात एवढंच, "वहिनींना रक्त?"

बरोबर तीन महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी दारात भोयर डॉक्टर उभे. एस.टी.च्या धुळीने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. काखेत हत्यारांची गुंडाळी. मारेगावहून पहाटे निघून, यवतमाळला गाडी बदलून, पुसदवरून दिवसभर हादरे खात आले होते. "इकडं काम होतं," म्हणाले. काम काय ते कळलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी आमच्या अंगणात ऊन कुठे येतं ते पाहिलं, तिथे आमची खुर्ची मांडली आणि बसले. पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा तसंच. मग तो रिवाजच पडला. सुशीला कॅलेंडरवर त्या रविवारावर खूण करून ठेवू लागली.

दीडएक वर्ष असं चाललं. एका रविवारी माझा हात पुन्हा घसरला आणि त्यांची हिरडी चांगलीच फाटली. मलाच माझी शरम वाटली. हत्यार खाली ठेवून मी म्हणालो, "डॉक्टर, हे बरं नव्हे. तुम्ही गाडी यवतमाळला बदलता. त्या डॉक्टरांचा दवाखाना स्टँडच्या अगदी जवळ आहे. शिकलेला माणूस आहे, त्याचं पाच मिनिटांचं काम. माझ्यासारख्या अडाण्याकडे एवढ्या लांब कशाला येता?"

डॉक्टरांनी चूळ भरली. पंच्याने तोंड पुसलं.

"गेलतो तिथं," ते म्हणाले. "दोनदा गेलतो. चांगला पोरगा हाय. हात धुतले, खुर्चीत बसवलं, दिवा लावला. म्हणे, काका, तोंड उघडा."

"मग?"

"नाई उघडलं."

सुशीला कढीचं पातेलं घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"जन्मभर लोकाले म्हणत आलो, उघडा तोंड," डॉक्टर अंगणाकडे पाहत बोलत होते. "कोलाम आले, तांड्यावरच्या बाया आल्या, पदर चावत आल्या. सारे उघडत गेले बिचारे. अन् मले त्या पोरापुढं नाई उघडता आलं, मास्तर. दोन्ही खेपेला तसाच उठून आलो. तो म्हणे, दुखून राह्यलं का? म्हटलं नाई. आता त्याले काय सांगू? आपलं माणूस नाई न तिथं."

मला त्यांच्याकडे पाहवेना. एवढ्या वर्षांत या माणसाने आमच्याशिवाय कोणाच्या घरचे चार घास नीट खाल्ले नव्हते, कोणासमोर मोकळं हसला नव्हता आणि मी त्याला स्टँडजवळचा दवाखाना दाखवत होतो. मी हत्यार गरम पाण्यातून काढून पुसलं. खुर्ची थोडी उन्हात सरकवली. डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली. दाढीचे पांढरे खुंट बोटांना टोचले.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं.